फिंजान हलव, हात आडवा धरू नकोस

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. डेटाफ्लो म्हणजे कागदपत्रांची तपासणी झाली, प्रोमेट्रिक ही परवान्याची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली, व्हिसा हातात आला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ओमानच्या दक्षिणेत सलालाला नर्स म्हणून हजर व्हायचंय, असं कळलं. पहिल्या खेपेला नापास झालीस हे तिने आवाज खाली घेऊन सांगितलं, जणू मी पेपरात छापणार होते. मी स्वतः जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत गचकले होते. पुढे बावीस वर्षं ओमानात सुया टोचल्या, कुणी मार्कशीट मागितली नाही.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि दुसऱ्या कानाने सोडून देतेस. कागद तरी बॅगेत राहील.

आधी प्रवासाचं. मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर मुंबई, तिथे दिवसभर ताटकळणं, मग विमान. विमानाचं काही नाही, तीन तासांच्या आत मस्कत. घड्याळ दीड तास मागे करायचं. खरा प्रवास तिथून पुढे. मस्कत-सलाला विमानाने दीड तासाचं, पण तुझ्या क्लिनिकने बसचं तिकीट दिलंय म्हणे. म्हणजे सुमारे १००० किलोमीटर आणि बारा तास. मुंबई-नागपूरपेक्षा लांब, आणि वाटेत अकोला-अमरावती काही नाही. निझवा येईपर्यंत डोंगर, खजुराच्या बागा, किल्ले दिसतील. आदम गेलं की संपलं. वाळूच्या टेकड्या दिसतील असं मनात असेल तर ते काढून टाक. सपाट, भुरकट, मुरूम अंथरल्यासारखी जमीन, आणि ती संपतच नाही. निम्म्याच्या थोडं पुढे हैमा, मग पुन्हा तेच, मग थुमरैत.

बसमधला एसी हाडं गोठवतो, शाल हातातच ठेव. पाय सुजतात, दर थांब्याला खाली उतर. पेट्रोल पंपापाशी मशीद असते, तिथे बायकांसाठी वेगळी सोय असते, संकोच करू नकोस. बाजूच्या हॉटेलात बहुतेक मल्याळी पोरगा असेल, त्याला "करक" म्हटलंस की आपल्या उकळीच्या चहाचा भाऊबंद मिळेल. कागदपत्रं आणि एक जोडी कपडे मांडीवरच्या बॅगेत. पासपोर्ट "आमच्याकडे सांभाळायला ठेवा" असं कुणी म्हटलं तर गोड हसून स्वतःकडेच ठेवायचा.

आणि आईला सांग, डिंकाचे लाडू देऊ नको. दिलेच तर खसखस न घालता. आखातात कितीतरी ठिकाणी खसखस अमली पदार्थात मोडते, आणि आपल्याकडे ती लाडवात असते, अनारशावर असते, घरच्या मसाल्यातही असते. विमानतळावर "ही माझ्या आजीची रेसिपी आहे" हे अरबीत सांगायची वेळ येऊ नये. खोकल्याची औषधंही चिठ्ठीशिवाय नेऊ नकोस, तू नर्स आहेस, त्यात काय काय असतं ते तुला ठाऊक आहे.

आता मला मुळात जे सांगायचंय त्याकडे येते.

१९९४ सालचा ऑक्टोबर. मी सव्वीस वर्षांची. मस्कतला काही महिने काढून दक्षिणेतल्या एका आरोग्य केंद्रावर निघाले होते. तेव्हा हा रस्ता अरुंद, बिनदुभाजकाचा, मोबाइल नाही. जीप, एक बलुची ड्रायव्हर आणि मागे औषधांची खोकी. हैमा सोडून तासभर झाला असेल, रेडिएटरचा पाइप फुटला. सूर्य बुडायला आलेला. ड्रायव्हर हिंदीत "फिकर नको बहेनजी" म्हणत होता, आणि तो जितक्या वेळा म्हणे तितकी मला जास्त फिकीर वाटे.

अर्ध्या तासाने एक पिकअप थांबली, मागे शेळ्या. चालवणारा उतरला आणि काय झालं ते विचारलंच नाही! सलाम झाला, मग तब्येत, मग घरचे कसे, मग "शे उलूम?" म्हणजे काही खबरबात? त्यावर आमचा ड्रायव्हर म्हणतो, काही नाही, सगळं छान. बॉनेटमधून वाफ निघतेय आणि हे दोघे एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतायत. मला इतका राग आला होता की रडू फुटेल असं वाटलं. थकलेल्या माणसाला शिष्टाचार म्हणजे छळ वाटतो. पुढे कळलं, तिकडच्या वाळवंटात आधी नमस्कार-चमत्कार आणि मग काम हाच क्रम, गाडी पेटली असती तरी बहुधा तो बदलला नसता.

त्याने आम्हाला घरी नेलं. सिमेंटची दोन खोल्यांची बांधणी, बाजूला तंबू. चपला बाहेर. ड्रायव्हर पुरुषांच्या बाजूला गेला, मला एका मुलीने हात धरून बायकांच्या खोलीत नेलं. तिथे एक म्हातारी बसली होती, तोंडावर बुरखा. आपण म्हणतो तसला काळा अंगभर नव्हे. त्या भागातल्या बायकांचा बुरखा म्हणजे चेहऱ्यावरचा ताठ मुखवटा, नाकावरून खाली उभी पट्टी येते आणि डोळे मोकळे असतात. मी दारात अवघडून उभी, पर्स छातीशी घट्ट धरलेली. म्हातारी म्हणाली, "अहलन व सहलन." हे शब्द आपण सिनेमात ऐकतो. त्याचा जुना अर्थ मला नंतर एका पेशंटच्या शिक्षक मुलाने सांगितला: तू आपल्याच माणसांत आलीस आणि सपाट, सोप्या जमिनीवर आलीस. दगडगोट्यांतून उंट हाकत आलेल्याला याहून बरं काय ऐकायला मिळणार.

मग खजूर आले. आधी खजूर, मग कॉफी, हा क्रम लक्षात ठेव. ओमानी काहवा बिनसाखरेचा असतो, वेलची घातलेला. गोडी खजुराची. फिंजान म्हणजे आपल्या बोळक्याएवढा बिनकानाचा पेला, त्यात तळाशी थोडीशीच ओततात. कमी ओतली म्हणून कंजूष समजू नकोस. थोडी थोडी ओतून पुन्हा पुन्हा विचारायचं, हाच मान. ओतणारी डाव्या हातात दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, धरते आणि उजव्या हाताने पेला देते. तूही उजव्यानेच घ्यायचा. तू डावखुरी आहेस म्हणून हे मुद्दाम लिहिते. बसमध्ये बारा तास उजव्या हाताचा सराव कर हवं तर.

दोन पेले झाले. मला पुरे होतं. मी काय केलं असेल? पंगतीत वाढपी आला की आपण करतो तेच, पेल्यावर हात आडवा धरला. मुलगी दल्ला घेऊन तशीच उभी. मी "नो, नो" म्हणाले, हात तसाच. ती बघतेय म्हातारीकडे, म्हातारी बघतेय माझ्याकडे. शेवटी एका सात-आठ वर्षांच्या पोराला दया आली. त्याने रिकामा पेला उचलला, मनगटातून दोन-तीनदा हलवून दाखवला आणि म्हणाला, "बस." तो आपलाच "बस"! अरबीतही पुरे झालं म्हणजे बसच. सगळ्या हसल्या, मीही हसले आणि माझ्या खांद्यावरची पर्स पहिल्यांदा खाली आली.

पण पूर्ण नाही आली. रात्री तिथेच झोपायचं ठरलं, कारण पाइप सकाळीच मिळणार होता. त्यांनी मला घरातली सगळ्यात जाड गादी दिली. मी पर्स उशीखाली घेतली. कितीतरी वेळ जागी होते. सकाळी उठल्याबरोबर पर्स उघडली आणि रियाल मोजले. सगळे होते. मान वर केली तर म्हातारी दारात, उंटिणीचं फेसाळ दूध घेऊन उभी.

तिने बघितलं होतं. काही बोलली नाही. दूध दिलं आणि निघताना वाटेसाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन मुठी खजूर बांधून दिले.

हे मी आजवर तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. सावध राहिले ते चुकलं असं मी म्हणणार नाही. एकटी बाई, अनोळखी मुलूख, सावध राहायलाच हवं, तूही राहा. पण मोजायचेच होते तर मोरीत जाऊन मोजायचे होते. त्यांनी मला माझा धर्म विचारला नव्हता, पगार विचारला नव्हता. वाळवंटातल्या भटक्या बदूंच्या जुन्या रीतीत तीन दिवस पाहुण्याला "कशाला आलास" असंही विचारत नाहीत. आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या घराचा हिशेब तपासला.

तुला हे एवढ्यासाठी सांगतेय की तूही थकून पोहोचशील. चाळीस तासांचं जागरण असेल, पाय सुजलेले, डोकं ठणकत असेल, आणि दारात कुणीतरी बाई हसून "तफद्दली", म्हणजे ये, घे, असं म्हणेल. थकव्यात माणूस एक तर आखडतो, नाहीतर सगळ्याला "नको, नको" करत सुटतो. आपल्याकडे "नको" म्हटलं की समोरचा आग्रह करतो, मग आपण घेतो, हा खेळ दोघांनाही ठाऊक असतो. तिथेही आग्रह करतात, पण तुझ्या पहिल्या "नको"ने त्या बाईचा चेहरा पडतो. एक खजूर घे, एक पेला घे, मग हलव.

जेवणाचं आधीच सांगून टाक. तुझ्या गळ्यात माळ आहे, त्यात लपवायचं काही नाही. "अना नबातिया," मी शाकाहारी. पण तेवढ्यावर थांबू नकोस. "लहम" खात नाही म्हटलंस तर कोंबडी समोर येईल, कारण लहम म्हणजे त्यांच्या डोक्यात बकरा किंवा बैल. म्हणून यादीच म्हणून टाकायची: ला लहम, ला दजाज, ला समक. मटण, कोंबडी, मासे काहीच नाही. पांढरा दिसला तरी मोठ्या ताटातला भात बहुतेक मटणाच्या पाण्यात शिजलेला असतो, तो टाळ. रखाल नावाची भाकरी मिळते, तापल्या तव्यावर हातानेच कणकेचा गोळा फासून केलेली, कागदासारखी पातळ. आपल्या मांड्यांची आठवण येईल. त्यावर मध. लबन म्हणजे ताक. सलालात तर नारळ, पपई, केळी रस्त्याच्या कडेला टपऱ्यांवर लटकलेली असतात. उपाशी राहणार नाहीस. उंटिणीचं दूध मात्र पहिल्या दिवशी बेतानेच घे. मी पेलाभर प्यायले आणि पुढच्या दोनशे किलोमीटरांत ड्रायव्हरला किती वेळा गाडी थांबवायला लावली ते इथे लिहीत नाही.

बारीकसारीक आणखी काही. पुरुषाशी हात मिळवायला तू पुढे होऊ नकोस. तो छातीवर हात ठेवेल, तूही ठेव. जमिनीवर बसलीस की पायांचे तळवे कुणाकडे करू नकोस. घरातल्या वस्तूचं फार कौतुक करू नकोस. मी एकदा सलालात एका पेशंटच्या घरी रंगीत मातीची धूपदाणी, त्यांच्या भाषेत मजमर, सुंदर आहे म्हणाले, आणि निघताना ती माझ्या पिशवीत. नको म्हणून भागेना. अजून माझ्या देवघरात आहे, एक कोपरा उडालाय.

मजमर फिरायला लागली की उठायचं. आखातात म्हण आहे, ऊद आला की बसणं संपलं. धूर अंगाला, ओढणीखाली, केसांना घेऊ देतात. घे, आणि मग निरोप घे. मला ही पद्धत फार आवडते. आपल्याकडे पाहुणा कधी जाणार हे ना पाहुण्याला कळत, ना यजमानाला विचारता येत. तिथे वास येतो आणि सगळ्यांना कळतं. आपल्या उदबत्तीतला ऊद तोच बरं का.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. पाहुणी म्हणून मिळालेली वागणूक आणि नोकरीतली वागणूक यांची गल्लत करू नकोस. ज्या देशात अनोळखी बाईने मला स्वतःची गादी दिली, त्याच देशात एका ठिकाणी माझी रजा तीन महिने अडकवून ठेवली होती. ती अडवणारा आपलाच, हिंदी बोलणारा सुपरवायझर होता, हेही सांगते. ड्यूटी, पगार, ओव्हरटाइम, सुट्टी, जे असेल ते लेखी घे. तिथे फिंजान हलवायचा नाही, तिथे करार दाखवायचा. आणि उलटही. वॉर्डात कुणी ओरडलं म्हणून शेजारणीच्या ताटाला नाही म्हणू नकोस. रमजानात इफ्तारच्या आधी शेजारची पोरं झाकलेली ताटं घेऊन दारात येतील. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तुला आजीने शिकवलंय. सांगलीचे बेदाणे दोन किलो घेऊन जा, तिथे कुणालाही आवडतात.

कामाबद्दल फारसं लिहीत नाही, ते तू शिकशील. एवढंच की ज्या अरबीवर तू आता मेहनत घेतेयस, ती डोंगरातून आलेल्या आज्यांपुढे चालेलच असं नाही. सलालाच्या मागच्या धोफारच्या डोंगरात जिब्बाली बोलतात, हैमाकडे हरसूसी. या अरबीच्या बोली नव्हेत, वेगळ्याच भाषा आहेत. आजीबरोबर नात असेल तर नातीला जवळ बसव. आणि बाळंतिणीच्या खोलीत तुला माहेर भेटेल. त्यांचा मुक्काम चाळीस दिवसांचा, आपला सव्वा महिना. त्यांची मेथी, तूप, मध, आपले मेथीचे लाडू. मी एकदा एका सासूला आमच्याकडेही मेथी देतात म्हणून सांगितलं, तर तिने मला अर्धा तास माझ्याच वॉर्डात बाळंतपण शिकवलं.

मुंबईची म्हणून ओळख सांग, मिरज कुणाला कळणार नाही. जुन्या लोकांचा चेहरा "बम्बई" म्हटलं की उजळतो. आत्ताच्या सुलतानांचे आजोबा तैमूर गादी सोडल्यावर मुंबईत राहिले, १९६५ साली तिथेच वारले. ओमानात १९७० पर्यंत रुपयाच चालायचा, आणि आजही रियालच्या हजाराव्या भागाला बैसा म्हणतात, म्हणजे आपला पैसाच. ६० वर्षांपूर्वी कुणाचा तरी बाप मुंबईला खजूर घेऊन आलेला असतो, आणि त्या खजुराच्या जोरावर तुला आज एक खजूर जास्त मिळतो.

थुमरैत सोडलं की जागी राहा, हे सगळ्यात महत्त्वाचं. तिथपर्यंत बाहेर चाळीसच्या वर तापलेलं असेल. मग रस्ता डोंगर उतरायला लागतो आणि अचानक काचेवर थेंब दिसतात. धुकं येतं, ड्रायव्हर वेग कमी करतो, आणि वळणामागे हिरवागार उतार, गाई चरतायत. त्यांचा हा हंगाम खरीफ, आपला खरीप. शब्दही तोच आणि वारेही तेच नैर्ऋत्येचे, जे त्याच दिवसांत रत्नागिरीला झोडपत असतात. तिकडे मात्र नुसती भुरभुर. आखातातली कुटुंबं या पावसात भिजायला शेकडो मैल गाडी हाकत येतात, चादर अंथरून चिखलात बसतात. आपल्याला हसू येतं आणि मग घसा दाटतो. मला तरी दाटला होता. १४व्या शतकात इब्न बतूता या किनाऱ्यावर येऊन गेला. इथे नारळ आणि नागवेल आहेत आणि इथले लोक परक्यांवर जीव लावतात, असं त्याने नोंदवलंय. नारळ अजून आहेत, ते तू स्वतः बघ. दुसऱ्या गोष्टीचं मला पत्राने कळव, मी सांगितलं म्हणून लिहू नकोस.

पोहोचल्यावर पहिला फोन आईला, दुसरा मला. मला उशिरा केलास तरी चालेल, आधी झोप.

आणि पहिल्या सुट्टीला येताना लुबान, म्हणजे तिकडचा धूप, आण. होजरी जातीचा आणू नकोस, तो उंची आणि महाग असतो. मला साधा चालेल, पाव किलो. माझी मजमर कोपऱ्यात फुटकी असली तरी अजून निखारा धरते.

तुझी
मिरजेची मावशी